मदत हवी आहे: १९९४ च्या बेसबॉल सीझनची स्कोअरवही

नमस्कार मंडळी, माझे काका तेव्हा माँट्रियलला होते, तिथल्या एक्सपोज या बेसबॉल टीमचे पक्के फॅन, त्यांची १९९४ ची स्कोअरवही परवा माळ्यावर सापडली. पेन्सिलने बारीक अक्षरात सगळं लिहिलंय आणि ऑगस्टनंतर पानं एकदम कोरी. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप झाला ना, मालकांना पगारावर मर्यादा हवी होती आणि खेळाडू तयार नव्हते, मग १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज म्हणजे सीझनची फायनलच रद्द. एक्सपोज तेव्हा ७४-४० वर (७४ विजय, ४० पराभव), अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात पुढे होते हो! ती कोरी पानं बघून खरंच पोटात तुटलं.

आता अडलंय ते असं की काही चौकोनांत इंग्रजी के (K) उलटा काढलाय, काहींत सरळ, आणि मध्येच ६-४-३ असे आकडे आहेत, ते कसं वाचायचं कोणी सांगेल का? आणि बॅटर टोनी ग्विनचा त्या सीझनचा .३९४ बॅटिंग अ‍ॅव्हरेज, अजून ३ हिट असते तर .४०० झाला असता, तो अर्धवट सीझन असूनही रेकॉर्डमध्ये पूर्ण धरतात का? काकांचं वय झालंय, त्यांच्यासोबत बसून वही वाचायचीये, प्लीज जरा लवकर सांगा.