साम्य श्रद्धेपेक्षा आचरणात अधिक

सर्व धर्म शेवटी एकाच ईश्वराकडे नेतात, हे वरील प्रतिसादातील विधान मला थोडे घाईचे वाटते. जैन दर्शन सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही आणि बौद्ध विचारही त्या कल्पनेवर उभा नाही. साम्य शोधायचेच असेल, तर ते आचरणात, विशेषतः उपवासात, अधिक ठळकपणे सापडते. रमजानच्या रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही वर्ज्य असते, पर्युषणात अनेक जैन केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतात, आणि आपल्याकडे एकादशीला भगर व शेंगदाण्याची आमटी चालते (त्याला उपवास म्हणावे का, हा वाद घरोघरी आहेच). नियम निराळे असले, तरी भूक स्वेच्छेने सोसणे आणि अन्न वाटून खाणे या दोन्ही गोष्टींना बहुतेक परंपरांनी पुण्याचे स्थान दिले आहे. अर्थात वाटण्याचे वर्तुळ सारखे नसते. ईदच्या नमाजापूर्वी द्यायचा फित्रा, म्हणजे दान, गरजूंसाठी असतो, तर खान्देशात श्रावणातील कानबाई या देवीच्या उत्सवाचे रोट (नैवेद्याचे पदार्थ) भाऊबंद एकत्र बसून खातात आणि पुष्कळ घरांत ते कुळाबाहेर दिले जात नाहीत.