सिंगापुरातली प्रायव्हेट बँक: 20 लाख डॉलरवाल्याने त्या दारात जावं का?

जमाखर्च (धागाकर्ता)

सिंगापुरात पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेली, घराचं कर्ज फिटलेलं आणि वर हाताशी 15-20 लाख अमेरिकी डॉलर. अशा माणसाला एक दिवस बँकेतून गोड आवाजात फोन येतो की आता तुम्ही प्रायव्हेट क्लायंट होऊ शकता. होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 50 लाख सिंगापूर डॉलरच्या आत जमा असलेल्याला ती बँक नसतेच, गालिचा अंथरलेलं दुकान असतं.

आधी पायऱ्या बघा. डीबीएस या सिंगापूरच्या बँकेत ट्रेझर्स नावाचा वर्ग 3.5 लाख सिंगापूर डॉलरला सुरू होतो, ट्रेझर्स प्रायव्हेट क्लायंट 15 लाखांना आणि खरी प्रायव्हेट बँक 50 लाखांना. मधल्या पायरीवरच्या माणसाला कॉफी वरच्या मजल्यावरची मिळते, पण माल खालच्याच मजल्यावरचा.

आता हिशोब. 20 लाख डॉलर बँकेच्या हवाली करून 'तुम्हीच सांभाळा' म्हटलं, तर व्यवस्थापन शुल्क समजा 1.2 टक्के, म्हणजे 24,000. आतल्या फंडांचा स्वतःचा खर्च 0.65 टक्के धरा, आणखी 13,000. झाले वर्षाला 37,000 डॉलर, बाजार वर जावो की खाली. तेच पैसे ब्रोकरकडून लंडनला सूचिबद्ध असलेल्या जागतिक ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) टाकले, तर खर्च 0.2 टक्क्याच्या आसपास, म्हणजे 4,000.

ईटीएफ आयर्लंडमध्ये नोंदलेलाच घ्या, न्यूयॉर्कचा नको. सिंगापूर आणि अमेरिकेत करकरार नाही, त्यामुळे अमेरिकी ईटीएफच्या लाभांशातून 30 टक्के कापले जातात. आयर्लंडच्या फंडाला तीच कपात 15 टक्के पडते. दुसरं मोठं भय मृत्यूनंतरच्या कराचं. सिंगापूरने वारसा कर 2008मध्येच काढला, पण अमेरिकेत नोंदलेल्या मालमत्तेवर परक्या माणसाला सूट फक्त 60,000 डॉलरची आणि पुढे कर 40 टक्क्यांपर्यंत. न्यूयॉर्कचा ईटीएफ सिंगापुरातल्या खात्यात ठेवला म्हणून तो कर चुकत नाही.

रॅफल्सप्लेस

धागाकर्त्याने तुलनाच चुकीची निवडली आहे. सगळे पैसे बँकेच्या हातात देऊन मोकळं होणं हा प्रायव्हेट बँकेतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात आळशी पर्याय. त्याची ईटीएफशी तुलना करून बँक हरली म्हणणं म्हणजे पंचतारांकित हॉटेलातल्या मिनीबारचे भाव दाखवून हॉटेल महाग आहे असं ठरवणं.

प्रायव्हेट बँकेत जायची कारणं दोन: कर्ज आणि रोखे. तारणावरच्या कर्जाचंच बघा. गुंतवणूक न विकता तिच्यावर दोन-तीन दिवसांत रक्कम उचलता येते, हप्ता नाही, मुदत नाही, फक्त व्याज. घराचा सौदा ठरला आणि जुनं घर विकायला चार महिने लागणार, अशा वेळी याचं मोल कळतं. रोख्यांचंही तसंच. डॉलरमधले बहुतेक कंपनी रोखे किमान 2 लाखांच्या लॉटमध्ये मिळतात, सिंगापूर डॉलरमधले अडीच लाखांच्या. साध्या ब्रोकरच्या ॲपवर यातलं फार थोडं दिसतं.

आणि मार्च 2020मध्ये बाजार कोसळताना ईटीएफ विकून पळालेल्यांना 33,000 डॉलरचा तो फरक वाचवून नेमकं काय मिळालं, तेही लिहा.

तारण

@रॅफल्सप्लेस, 'फक्त व्याज' हे दोन शब्द फार हलक्या हाताने टाकलेत तुम्ही.

बँकेच्या सादरीकरणातलं 2021 सालचं नेहमीचं पान बघा. ग्राहकाचे स्वतःचे 10 लाख, बँकेचे 15 लाख, मिळून 25 लाखांचे रोखे. रोख्यांवर 4 टक्के म्हणजे 1,00,000. कर्ज दीड टक्क्याने, व्याज 22,500. हातात 77,500, म्हणजे स्वतःच्या पैशावर पावणेआठ टक्के. सादरीकरणात एवढीच ओळ ठळक असते.

2023मध्ये डॉलरचे दर 5 टक्क्यांच्या वर गेले आणि तेच कर्ज 6 टक्क्यांना पडू लागलं. व्याज 90,000, उरले 10,000. दर चढले की रोख्यांचे भाव पडतात, म्हणजे दोन्ही फटके एकाच बाजूने. 25 लाखांचे 22 लाख झाले असं धरा. बँक 70 टक्के कर्जमूल्य (तारणाच्या किमतीवर मिळणारं कर्ज) देत असेल तर मर्यादा 15.4 लाख, म्हणजे जेमतेम वाचलात. पण ते 70 टक्के करारात कायमचे लिहिलेले नसतात. बँकेने उद्यापासून 60 म्हटलं की मर्यादा 13.2 लाख आणि 1.8 लाख डॉलर दोन-तीन दिवसांत भरा, नाहीतर बँक तुमचे रोखे मिळेल त्या भावाला विकणार. एव्हरग्रांडे या चिनी बांधकाम कंपनीच्या रोख्यांचं कर्जमूल्य 2021मध्ये काही प्रायव्हेट बँकांनी थेट शून्यावर आणलं. मुद्दल बुडायच्या कितीतरी आधी ग्राहक अडकले ते इथे.

रॅफल्सप्लेस

हिशोब बरोबर, पण उदाहरण अतिरेकी. दहावर पंधरा उचलणारा माणूस बँकेने बुडवलेला नाही, हावेने बुडवलेला आहे. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच उचला, तेही ठरावीक महिन्यांसाठी, आणि परतफेड कुठून होणार ते आधी ठरवून. चाकूने भाजी चिरतात आणि बोटही कापतं.

बेसिसपॉइंट

दोघंही शुल्काबद्दल बोलताय. खरी कमाई शुल्काच्या ओळीत नसते, भावात मुरलेली असते.

समजा तुम्ही 2 लाखांचा रोखा मागितला. बँकेच्या खरेदी-विक्रीच्या टेबलाला तो बाजारात 98.40ला मिळतो. तुम्हाला आरएम (तुमचं खातं सांभाळणारा बँकेचा माणूस) सांगतो, 99.20. फरक 80 सेंट, म्हणजे 1,600 डॉलर. रोख्यावर व्याज 4 टक्के असेल तर वर्षाचे 8,000, त्यातला पाचवा हिस्सा पहिल्याच दिवशी गेला. विवरणपत्रावर 'शुल्क: शून्य' छापून येतं आणि ते कायद्याने खोटंही नसतं.

ही चहाच्या टपरीवरची कुजबुज नाही. 2019मध्ये सिंगापूरच्या नाणेप्राधिकरणाने, म्हणजे मासने, यूबीएस या स्विस बँकेला 1.12 कोटी सिंगापूर डॉलरचा दंड केला. कारण ग्राहकाला न कळवता भावात केलेली फिरवाफिरव. त्याच वर्षी हाँगकाँगच्या नियामकाने त्याच बँकेला 40 कोटी हाँगकाँग डॉलर लावले, जास्तीच्या स्प्रेडसाठीच (स्प्रेड म्हणजे बाजारभावावर बँकेने घातलेली भर). डिसेंबर 2023मध्ये क्रेडिट स्वीस बँकेला सिंगापुरात 39 लाखांचा दंड झाला. तिथे तर ग्राहकांशी स्प्रेड आधी ठरलेला होता, तरी आरएमनी व्यवहारानंतर चुकीची माहिती देऊन त्याहून जास्त घेतला.

म्हणून खातं उघडतानाच स्प्रेडचा दर लेखी घ्या आणि प्रत्येक व्यवहारानंतर बाजारातला प्रत्यक्ष भाव आणि वरची भर वेगवेगळी मागा. 'तशी पद्धत नाही' असं उत्तर आलं तर पुढचं बोलणं थांबवायला हरकत नाही.

दुसरी खाण म्हणजे एफसीएन, ठरलेल्या कूपनची (व्याजाची) नोट. सहा महिने, वर्षाला 12 टक्के, तीन शेअरांना बांधलेली, त्यातला सगळ्यात वाईट शेअर तुमचा. खरेदीभाव सुरुवातीच्या भावाच्या 80 टक्के. एक लाख टाकले. दोन शेअर वर गेले, तिसरा 100वरून 65ला आला. तुम्हाला तो 80 भावाने घ्यावा लागतो: 1,250 शेअर, किंमत 81,250, अधिक 6,000 कूपन. एक लाखाचे झाले 87,250. शेअर दुपटीने वाढले असते तरी मिळकत तेवढंच कूपन.

आणि बाजार चांगला असला की नोट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आपोआप सुटते, पैसे परत येतात. ग्राहक खूश होतो, आरएम लगेच पुढची नोट विकतो. प्रत्येक विक्रीत 1 टक्का धरला तरी वर्षात चार-पाच वेळा तोच पैसा फिरला. आता सांगा, 1.2 टक्के शुल्क घेणारा जास्त महाग की 'शून्य शुल्क' वाला?

अवांतर: याचाच थोरला भाऊ ॲक्युम्युलेटर, म्हणजे भाव पडला तरी ठरलेल्या भावाने शेअर घेत राहायचा करार. 2008मध्ये त्याने एवढ्यांना झोपवलं की नावाचा उच्चारच 'आय किल यू लेटर' असा झाला.

जमाखर्च

बेसिसपॉइंट यांनी माझं काम सोपं केलं. त्यात एका कागदाची भर घालतो, ज्यावर लोक न वाचता सही करतात: 'ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टर' होण्याची संमती.

पात्रता तीनपैकी कुठलीही एक. निव्वळ मालमत्ता 20 लाख सिंगापूर डॉलरच्या वर, त्यात राहत्या घराचे जास्तीत जास्त 10 लाख धरतात. किंवा निव्वळ आर्थिक मालमत्ता 10 लाखांच्या वर. किंवा गेल्या बारा महिन्यांचं उत्पन्न किमान 3 लाख. एप्रिल 2019पासून नुसती पात्रता पुरत नाही, स्वतःहून संमती द्यावी लागते. ती दिली की सामान्य ग्राहकाला कायद्याने मिळणारी बरीच ढाल तुम्ही खाली ठेवता: मालाची तपशीलवार माहिती देणं, तो तुम्हाला योग्य आहे का हे तपासून सल्ला देणं, यातली बँकेची बंधनं सैल होतात. संमती मागे घेता येते, पण मग बँकेला ती नोट आणि तो रोखा तुम्हाला विकता येत नाही. आरएमला त्या सहीची घाई का असते, ते यावरून ओळखा.

सातबारा

वाद चालू द्या, पण आधी खातं उघडतंय का ते बघा! ऑगस्ट 2023मध्ये दहा परदेशी लोकांना अटक झाली, 300 कोटी सिंगापूर डॉलरचं पैसे धुण्याचं प्रकरण बाहेर आलं आणि जुलै 2025मध्ये मासने नऊ संस्थांना मिळून 2.745 कोटींचा दंड केला. तेव्हापासून 'पैसा कुठून आला' हा प्रश्न फार खोल जातो. पगाराच्या स्लिपा, कर भरल्याचे कागद, शेअर मिळाले असतील तर कंपनीचं पत्र.

भारतातून वारसा किंवा फ्लॅटचे पैसे आणणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. सातबारा, फेरफार, मराठीतलं वाटणीपत्र या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीसह लागतं. एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपया खातं) आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह. आणि फ्लॅटच्या व्यवहारात थोडे पैसे 'वरून' घेतले असतील तर खरेदीखतातली रक्कम आणि तुम्ही सांगितलेली श्रीमंती जुळत नाही. तिथे कुठलाही आरएम तुम्हाला वाचवणार नाही, फाइल अनुपालन विभागात महिनोन् महिने पडून राहते.

परतीचातिकीट

भारतात परतायचा विचार असलेल्यांसाठी प्रायव्हेट बँक हा आणखी वेगळा गुंता आहे. परदेशात राहत असताना मिळवलेली तिथली मालमत्ता फेमाच्या (भारताचा परकीय चलन कायदा) कलम 6(4)खाली तशीच ठेवता येते, तो भाग निवांत. पण आरएनओआरची (परतल्यावरच्या करसवलतीची) दोन-तीन वर्षं संपली की प्रत्येक खातं, प्रत्येक नोट आयकर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवावी लागते, तीही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. चुकलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. दोन ईटीएफ असतील तर एका संध्याकाळचं काम. वर्षात वीस एफसीएन फिरवल्या असतील तर सीए आधी फी सांगेल, मग नमस्कार करेल. शिवाय पत्ता भारतातला झाला की बऱ्याच बँका सल्ला देणं बंद करतात किंवा खातंच बंद करायला सांगतात. ज्यासाठी दाम मोजले तेच गेलं.

हप्त्यासाठी कर्ज काढून घेतलेल्या मोठ्या युनिव्हर्सल लाइफ (आयुर्विमा अधिक बचत) पॉलिसींवर कुणीच बोललं नाही. कर्ज दीड टक्क्याने आणि पॉलिसीवर चार टक्के, हे गणित 2022नंतर उलटं झालं. सुरुवातीच्या वर्षांत सोडायला गेलं तर सरेंडर शुल्क कापतं, म्हणून लोक खिशातून व्याज भरत बसलेत.

रॅफल्सप्लेस

परतणाऱ्यांबद्दल सहमत, त्यांनी दोन ईटीएफ आणि एक ठेव एवढंच ठेवावं. पण ब्रोकरकडे सगळं सुरक्षित आणि बँकेत सगळा धोका, असा सूर लागतोय तो बरोबर नाही. 2016मध्ये मासने बीएसआय बँक बंद केली. ग्राहकांचे कस्टडीतले (बँकेकडे नुसते सांभाळायला ठेवलेले) शेअर-रोखे ग्राहकांचेच राहिले, कारण ते बँकेच्या ताळेबंदात नसतातच. ठेव मात्र बँकेचं देणं आहे: विमा फक्त सिंगापूर डॉलरमधल्या ठेवीला आणि 1 लाखापर्यंतच. अमेरिकी डॉलरमधली ठेव पूर्ण उघड्यावर. नोट ही ती काढणाऱ्या बँकेची उधारी. आणि मार्च 2023मध्ये क्रेडिट स्वीसचे सुमारे 1,600 कोटी फ्रँकचे एटी1 रोखे (बँक अडचणीत आली की बुडवता येणारे) शून्य केले गेले, ते कुठल्या खात्यात ठेवलेत याने काही फरक पडला नाही.

माझा प्रस्ताव वेगळा आहे. बँक फक्त कस्टडी आणि कर्जाला ठेवा आणि सल्ल्याला स्वतंत्र मालमत्ता व्यवस्थापक घ्या. त्याला मर्यादित मुखत्यारपत्र द्यायचं: व्यवहार करू शकेल, पैसे बाहेर काढू शकणार नाही. तो टेबलाच्या तुमच्या बाजूला बसतो.

बेसिसपॉइंट

बसतो, पण खुर्ची कुणाची ते बघा. बऱ्याच ठिकाणी बँक आपल्या कस्टडी शुल्कातला आणि स्प्रेडमधला वाटा त्याच व्यवस्थापकाला देते, फंडांचं ट्रेलरही (फंडाकडून दरवर्षी मिळणारं कमिशन) त्याच्याकडे जातं. म्हणजे तुमच्याकडून समजा 0.8 टक्के आणि मागच्या दाराने आणखी काही. करारात एकच वाक्य घालायला सांगा: बँकेकडून आणि फंडांकडून मिळालेली प्रत्येक रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा होईल. 20 लाखांच्या ग्राहकाला हे लिहून देणारा कुणी असेल तर त्याच्या अटी इथे टाका, हिशोब करून बघू.