कन्नड आणि मराठी एकाच बोर्डावर, अक्षरं जुळंनात

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी, मी बेळगावात फ्रीलान्स डिझाइन करतो, लोगो, मेन्यू, लग्नपत्रिका, मिळेल ते. आता एक खानावळीचा बोर्ड आलाय, 12 बाय 3 फूट. कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनुसार बोर्डावर 60 टक्के कन्नड आणि तेही वरच्या अर्ध्या भागात, ते ठीकच आहे, पण खाली मराठी टाकलं की जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं दिसतंय. नाव 'अन्नपूर्णा खानावळ', कन्नडात 'खानावळि'. कन्नडात न्न चा ओत्तु, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लोंबतो तो थेट मराठीच्या शिरोरेघेत घुसतोय. दोन दिवस हेच करूलोय, फाँट सुचवा की.

शहापूरचा_पोरगा:
'एक टाइप' ही फाँट बनवणारी मंडळी, त्यांचा 'अनेक' बघ, फुकट आहे, देवनागरी आणि कन्नड दोन्ही एकाच घराण्यातले. व्हेरिएबल आहे म्हणजे जाडी 100 ते 800 आणि रुंदी पण कमीजास्त होते. तू बहुतेक दोन्हीला बोल्ड लावून मराठी नुसतं लहान केलंयस, मग रेघ पण बारीक होते आणि अक्षर बिचारं दिसतं. कन्नड 600 वर ठेव, मराठी लहान ठेवून 750 कर, रुंदी जरा वाढव. उंची नको जुळवूस, रेघेची जाडी जुळव. मजेशीर पाहिजे असेल तर 'बलू' पण आहे, त्याचं कन्नड 'बलू तम्मा' नावानं मिळेल, पण खानावळीला ते जरा बाळबोध वाटेल असं माझं मत.

आणि खाली 'शाकाहारी जेवण मिळेल' असलं काही असेल तर श आणि ल तपास, हिंदी वळणाचे येतात. इलस्ट्रेटरमध्ये भाषा मराठी करून बघ, नाही बदलले तर ग्लिफ पॅनेलमधून, म्हणजे फाँटमधली सगळी अक्षररूपं दिसतात तिथून, हातानं बदल.

ब्रशवाला_खानापूर:
फाँट फाँट काय लावलंय मर्दा. आमचे वडील बोर्ड रंगवायचे, आधी खडूनं दोन्ही ओळी आखायचे आणि ओत्तु कुठं उतरतोय ते बघून मगच मराठीची रेघ मारायचे. कमल शेडगे नाटकांची नावं हातानं काढायचे, प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं. तुझ्याकडं तर दोनच शब्द आहेत, कर्व्ह करून, म्हणजे अक्षराचा नुसता आकार करून, तो ओत्तु थोडा चपटा कर, मराठीची ओळ बोटभर खाली घे. रफाराचं पण बघ, मराठीत र्ण चा रफार वर जातो, कन्नडात तो बाजूला बसतो म्हणून कन्नड नाव लांब होतं, मराठी तेवढंच ताणायला जाऊ नको.

निपाणी_प्रेस:
फ्लेक्सवाल्याला द्यायच्या आधी कर्व्ह कराच वो. त्यांच्याकडं जुना कोरलड्रॉ असतो, युनिकोड फुटला की वेलांटी एकीकडं अक्षर एकीकडं, आणि बोर्ड चढल्यावर सगळ्या गल्लीला दिसतं. आमचं एकदा झालंय, सांगत नाही.

टिळकवाडीकर:
'अनेक' लावला, मराठी 720 वर बसलं, फरक लगेच दिसला. ओत्तु पण चपटा केला, तिथल्या वाढप्याला दाखवला, तो गोकाकचा. म्हणाला वाचता येतंय पण पोट आत घेऊन उभारल्यासारखं दिसूलंय. परत थोडा सोडलाय.