मदत हवी आहे: वय ६१, पहिली डोंगरी शर्यत, उतारावर मांड्या साथ देत नाहीत

संथ_पावलं:
नमस्कार मंडळी. वय ६१, वजन ६८ किलो. सपाटीवर १० किमी ६५ मिनिटांत होतात. १४ आठवड्यांनी डोंगरातली शर्यत आहे: २४ किमी, १४०० मीटर चढाई, उतराई तेवढीच, एकूण वेळ ६ तास. माथा ११ किमीवर, तिथला कटऑफ (तिथे पोहोचायची शेवटची वेळ) ३ तास. माथ्यापर्यंत १००० मीटर चढाई आहे आणि त्यातली ७०० शेवटच्या ४ किमीत.

चढाला दम पुरतो. उतारावर मात्र ४०० मीटर उतरलं की मांड्या थरथरतात, दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं आणि पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, त्यामुळे घड्याळातले हृदयगतीचे झोन जुळत नाहीत. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. उताराचा सराव कसा आणि किती वाढवावा? काठ्या घ्याव्यात का? आणि हे ६ तास जमण्यासारखे आहेत का?

घाटउतार:
तुमची शर्यत उतारावर ठरणार आहे, त्यामुळे आधी त्याचंच बोलू. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. अशा कामात स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. वयानुसार स्नायू घटतो आणि भरून यायला वेळ जास्त लागतो, म्हणून तुमचे चार दिवस जातात. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की बेताचा उतार एकदा झेलला की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशा भाराला बराच कमी दुखावतो. म्हणून थोडा-थोडा पण न चुकता उतार द्या. महिन्यातून एकदा मोठा उतार मारून काही साधत नाही.

पहिले जवळपास तीन आठवडे फक्त ताकद. १५ सेंटीमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहा आणि दुसरी टाच चार सेकंद मोजत जमिनीला टेकवा. प्रत्येक पायाला ८ वेळा, असे ३ सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. आरशासमोर करा: गुडघा आत वळत असेल किंवा कंबर एका बाजूला झुकत असेल तर पायरी कमी उंच घ्या. सोपं वाटलं की २० सेंटीमीटर, मग पाठीवर वजन. जोडीला गुडघा वाकवून टाचा उचलणं, १५ चे ३ सेट. पोटरीचा खोल स्नायू आणि टाचेमागची शीर या वयात आधी कुरकुरतात.

त्यानंतर दर दहा दिवसांनी एक उताराचा दिवस. उतराई १५०, २५०, ३५०, ५००, ६५०, ८०० आणि शेवटी १००० मीटर. सुरुवात विसाव्या दिवशी केली तर १००० चा दिवस शर्यतीच्या १८ दिवस आधी येतो. तेवढं अंतर राहू द्या, त्यानंतर मोठा उतार नको. आठवड्याच्या चौकटीत हे बसवायला जाऊ नका, साठीनंतर दहा दिवसांचं चक्रच बरं.

उतरताना पाऊल लांब पुढे पडलं आणि गुडघा सरळ राहिला की प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. पावलं आखूड आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन-चार मीटर पुढे, हात बाजूला मोकळे. सरावात दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि २४ तासांत ओसरत असेल तर चालू ठेवा. गुडघा सुजला, अडकला किंवा भार टाकताना दगा देऊ लागला तर आधी अस्थितज्ज्ञाला दाखवा.

गणिती_चाल:
वेळेचं बघतो. डोंगरी शर्यतीत दर १०० मीटर चढाईला १ किमी धरायचा. तुमचे २४ अधिक १४, म्हणजे ३८. दर किमीला साडेआठ मिनिटं धरली तर ३२३ मिनिटं, म्हणजे ५ तास २३ मिनिटं. एकूण वेळेची चिंता नको, खरी अडचण माथ्याची आहे. ११ अधिक १०, म्हणजे २१, गुणिले साडेआठ केलं तर १७८.५ मिनिटं. कटऑफला जेमतेम दीड मिनिट उरतं आणि चिंचोळ्या वाटेवरच्या रांगेतच ते जाईल.

म्हणून दोन तुकडे करा. पहिले ७ किमी ९० मिनिटांत. शेवटच्या ४ किमीत तासाला ६०० मीटर चढाई या दराने ७०० मीटरला ७० मिनिटं. एकूण १६०, वीस मिनिटं हातात. हा दर तपासायचा सोपा मार्ग: ट्रेडमिलवर १५ टक्के चढ, ताशी ४ किमी, कठडा न धरता. जवळपास ६०० मीटर प्रतितास होतात. अर्धा तास अखंड जमलं की दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. या ४ किमीत धावायचा मोह टाळा. वाट जिथे खरोखर खडी होते तिथे झपझप चालणंच कमी शक्तीत होतं, हात मांड्यांवर किंवा काठ्यांवर.

काठ्या जरूर घ्या, पण आधी शर्यतीच्या नियमांत त्यांना परवानगी आहे ना ते पाहा. लांबी उंचीच्या साधारण ०.६८ पट, उतारावर ५ सेंटीमीटर जास्त. खडकाळ उतारावर पट्ट्यातून हात काढा, पडताना अंगठा त्यात अडकून दुखावतो.

नाडीपरीक्षा:
बीटा ब्लॉकर हृदयगती दाबून ठेवतं, त्यामुळे वयावरून काढलेलं कुठलंच सूत्र तुम्हाला लागू नाही. बोलण्याची कसोटी वापरा. लांब पल्ल्यात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, खड्या चढावर चार-पाच शब्दांचा तुकडा. गोळी स्वतःहून बंद किंवा मागेपुढे अजिबात करू नका. हृदयरोगतज्ज्ञाला शर्यतीचे आकडे सांगा आणि स्ट्रेस टेस्टचं (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायच्या चाचणीचं) आत्ताच विचारा, तेराव्या आठवड्यात नाही. छातीत दडपण, चक्कर, धडधड किंवा नेहमीच्या चढावर अचानक वेगळा दम लागला तर तिथेच थांबायचं.

शर्यतीत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत. पाणी कमी पडलेलं असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या सोबत असतील तर धोका आणखी वाढतो. वयानुसार तहान उशिरा जाणवते, म्हणून लांब सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर ठीक. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय आणि तेही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. कार्बोहायड्रेट तासाला ३० ते ६० ग्रॅम, सरावात पोटाला पचलेलंच. एरवी दर जेवणात प्रथिनं २५ ते ३० ग्रॅम ठेवा.

चष्म्याकडे दुर्लक्ष करू नका. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाशी पाहिलं की नेमका पुढचा दगड धूसर दिसतो. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा, मागे पट्टा लावून. नकाशा किंवा घड्याळ वाचायला थांबावं लागेल, ते चालेल.

संथ_पावलं:
खूप आभार. डोंगर लांब आहे, रोजचं जवळ म्हणजे दहा मजली इमारतीचा जिना. उताराचे दिवस त्यावर चालतील का?

घाटउतार:
पहिले तीन चालतील. दहा मजले सुमारे ३० मीटर धरा, म्हणजे १५० साठी पाच फेऱ्या, ३५० साठी बारा. एका वेळी एकच पायरी, पाय आपटू न देता. प्रत्येक वळणावर क्षणभर थांबा, कारण जिन्यात सगळी वळणं एकाच बाजूची असतात आणि त्याच गुडघ्याला पीळ बसत राहतो. मात्र जिन्याची पायरी घट्ट आणि एकसारखी असते. सुट्या दगडांवर घोटा सावरायला त्यातून शिकता येत नाही. त्यामुळे ५०० मीटरपासून डोंगर गाठाच. शर्यतीचेच बूट घाला, टाचेला शेवटच्या भोकांतून नाडीचा फास देऊन. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा नसेल तर ८०० च्या दिवशी नखं काळी होतील, तेव्हा बूट त्याआधीच बदला.