एक्झिबिशनमधून ६३ कार्डं आणली, सगळ्यांना मेसेज टाकला, उत्तरं आली दोन. आता पुढं काय करायचं?

शिरोलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप आहे, पप्पांनी सुरू केलेलं. चार सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीनं). पार्टीकडून कास्टिंग (ओतीव पार्ट) येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. गेली कितीतरी वर्षं एकाच कंपनीवर गाडा चाललाय, म्हणजे शंभरातले पंच्याहत्तर रुपये तिथूनच, आणि मागच्या वर्षी त्यांचं शेड्यूल निम्म्यावर आलं तेव्हा दोन महिने एक व्हीएमसी झाकून ठेवली होती. तेव्हाच ठरवलं की आता नवीन माणसं जोडायची. म्हणून यंदा जानेवारीत इमटेक्सला, म्हणजे मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला, बेंगळुरूला गेलो, पहिल्यांदाच. स्टॉल घ्यायची ऐपत नाही, नुसतं फिरायला. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली, तिथं मादावराचं मेट्रो स्टेशन आता एक्झिबिशन सेंटरला लागूनच झालंय त्यामुळं टुमकूर रोडचं ट्रॅफिक वाचलं. तीन दिवस फिरलो, पाय सुजले, लई लोकांशी बोललो, ६३ कार्डं गोळा केली.

परत आलो तर घरात लग्न, मग डिस्पॅच, मग ऑपरेटर गावाला. अकरा दिवसांनी बसलो आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकला, ‘इमटेक्समध्ये भेटून आनंद झाला, आमच्याकडे सीएनसी व्हीएमसी जॉबवर्क होईल, काही काम असल्यास कळवावे’, सोबत कंपनी प्रोफाइलची पीडीएफ. बहुतेकांना एकच टिक. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने नुसता अंगठा. दुसऱ्याने विचारलं ‘आपण कोण?’

पप्पा म्हणतात तरी सांगत होतो, संबंध असे कागदावर होत नसतात. त्यांचं खरंही असेल पण त्यांच्या वेळी शिरोलीत चहाच्या गाड्यावर सगळी ओळख व्हायची, मला आता होसूरच्या माणसाबरोबर चहा कसा प्यायचा? परत मेसेज टाकला तर मागं लागल्यासारखं वाटतं, नाही टाकला तर तीन दिवस फुकट. कोणी नीट सांगेल का.

रिटायर्ड_परचेस

बाळा, मी २६ वर्षं परचेसमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी खात्यात काढली, चाकणला आणि त्याआधी भोसरीत, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो.

आधी एक गोष्ट. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट ज्याने तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. ६३ पैकी किती जणांनी तुझा नंबर सेव्ह केला असेल? म्हणजे लोकांनी तुला उत्तर दिलं नाही असं नाहीच आहे, त्यांना तुझा मेसेज मिळालेलाच नाही. ती एक टिक त्याचीच. तेव्हा मागं लागल्याची भीती काढून टाक, तू अजून लागलेलाच नाहीस.

दुसरं, कार्डं टेबलावर पसर आणि वेगळी कर. इमटेक्सला स्टॉलवर उभे असतात ते मशीन विकणारे, टूलिंगवाले, कूलंटवाले. ते तुला काम देणार नाहीत, ते तुला काहीतरी विकणार. काम देणारे लोक तुझ्यासारखेच गळ्यात बॅज घालून फिरत असतात. माझा अंदाज आहे की ६३ तली चाळीस कार्डं सेल्सवाल्यांची निघतील. आणि ती फेकू नकोस हां, त्यावर पुढं बोलतो.

आता आमच्याकडे काय होतं ते. एक्झिबिशन संपलं की पुढच्या सोमवारी चाळीस-पन्नास मेल यायचे, सगळ्यांचा मजकूर तू लिहिलास तोच, ‘भेटून आनंद झाला’. सोबत बारा-पंधरा एमबीची पीडीएफ, पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर फॅक्टरीचा बोर्ड, तिसऱ्यावर व्हिजन आणि मिशन, आणि मशीनची यादी अकराव्या पानावर. मी उघडायचोच नाही. उघडून काय कळणार? टेबल साइज काय, लोड किती रिकामा, सीएमएम (मापं तपासायचं मशीन) आहे का बाहेरून करतोस, एवढं चार ओळीत लिहिलं असतं तर मी वाचलं असतं.

एक किस्सा सांगतो. गोकुळ शिरगावचा एक माणूस, असाच एका प्रदर्शनात भेटला, उभ्याउभ्या दहा मिनिटं बोललो. माझी तेव्हा एका पंप बॉडीची कटकट चालू होती, बोअर (आतलं भोक) फिनिश झाला की ब्लोहोल (कास्टिंगमधले हवेचे खड्डे) उघडे पडायचे आणि फाउंड्रीवाला म्हणायचा मशीनिंगमुळे, मशीनिंगवाला म्हणायचा कास्टिंगमुळे. मी नुसतं बोलून गेलो. तिसऱ्या दिवशी त्याचा मेल. पीडीएफ नाही काही नाही. त्याने लिहिलं होतं की आमच्याकडे असाच एक पार्ट आहे, आम्ही रफ बोअर झाला की तिथंच थांबतो, पीस बघतो, होल दिसला तर फिनिशिंगचा खर्च न घालता परत पाठवतो, आणि खाली टॉर्च मारून काढलेला एक फोटो. बस. काम मागितलेलं नव्हतं. मी ‘थँक्यू’ एवढंच लिहिलं आणि विसरलो म्हण. नंतर चारेक महिन्यांनी त्याने एक ओळ टाकली, तुमच्या त्या पंप बॉडीचं काय झालं? मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, घरात कोणी विचारत नव्हतं त्या पंप बॉडीबद्दल. चौदा महिन्यांनी आमच्या एका व्हेंडरच्या मशीनचा स्पिंडल गेला, लाइन थांबायची वेळ आली आणि मला पहिला फोन कोणाला करावासा वाटला? त्यालाच. मी रिटायर झालो तेव्हा तो आमचे नऊ पार्ट करत होता.

म्हणून चौदा महिने हा आकडा लक्षात ठेव. परचेसवाला गप्प आहे म्हणजे नको म्हणतोय असं नसतं. नवीन व्हेंडर घ्यायचा म्हणजे फॉर्म, ऑडिट, सॅम्पल, ऑटोचं असेल तर पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), त्यात क्वालिटीवाल्यांची सही. जुना चालतोय तोवर कोण हात घालतो?

आणि पहिल्याच मेलमध्ये ‘आम्ही उद्यम रजिस्टर्ड आहोत, ४५ दिवसांत पेमेंट बंधनकारक’ असलं लिहू नकोस. हक्क आहे तुझा, लघुउद्योगांचा कायदा २००६ पासून आहे आणि आता इन्कम टॅक्समध्ये उशिरा पेमेंटचं कलम आल्यामुळे अकाउंटवालेही सावध झालेत, पण ते रेट ठरताना बोलायचं. फोन करायचा तर सोमवार सकाळ आणि महिनाअखेर सोडून. त्या दिवसांत मी बायकोचाही फोन घ्यायचो नाही.

खोचक_सांगलीकर

एवढं कशाला, दिवाळीला काजूकतलीचा दोन किलोचा बॉक्स पाठवा, सगळी नाती घट्ट होतात 😄

रिटायर्ड_परचेस

@खोचक_सांगलीकर होत असतील. आमच्याकडे गेटवरच बॉक्स जमा व्हायचे आणि कँटीनमध्ये वाटले जायचे, कोणी पाठवला ते मला कळायचंही नाही. आणि ज्याला कळतं आणि जो घरी नेतो त्याच्याशी नातं जोडशील तर पुढच्या दिवाळीला तो बॉक्सवर थांबणार नाही.

गेज_ताई

मी कुपवाडला कॅलिब्रेशनची (गेज, म्हणजे मापं घ्यायची साधनं, तपासून द्यायची) छोटी लॅब चालवते, त्यामुळे शॉपफ्लोअरवाल्यांशीच रोजचा संबंध. काकांनी बरोबर सांगितलंय, मी माझं थोडं सांगते.

फॉलोअपची गोची ही असते की बोलायला निमित्त नसतं, आणि निमित्ताशिवाय ‘कसे आहात सर, काही काम’ म्हटलं की आपल्यालाच कसंतरी होतं. माझं बरंय, गेज आज कॅलिब्रेट केला की वर्षाने त्याची ड्यू डेट येते, मी महिनाभर आधी फोन करते, त्यात मागणं नसतं, उलट ते म्हणतात बरं झालं आठवण केलीत, ऑडिट आहे. तुम्हाला असं निमित्त शोधावं लागेल, आणि ते त्या पहिल्या बोलण्यातच असतं, फक्त आपण ते लिहून ठेवत नाही. मी भेट झाली की तिथंच बाजूला होऊन कार्डाच्या मागं दोन शब्द लिहिते. माणूस कसा होता ते नाही, काय बोलला ते. ‘थ्रेड प्लग गेज झिजतात, महिन्याला दोन’ असं. आता नवीन कार्डं चकचकीत लॅमिनेशनची असतात, त्यावर बॉलपेन चालतच नाही, शाई पसरते आणि पर्समध्ये सगळं निळं. म्हणून मी सीडीवर लिहायचे ते मार्कर पेन जवळ ठेवते. तेही नसेल तर त्या कार्डाचा फोटो काढते आणि लगेच खाली बोलून व्हॉइस नोट.

अजून एक, तुम्ही नुसतं काम मागणाऱ्यांच्या यादीतच का राहताय? मला एकाने सरफेस ग्राइंडिंग कुठं होईल विचारलं, माझा त्यात काही संबंध नाही, पण मिरजेत एक चांगले काका आहेत त्यांचा नंबर दिला आणि दोघांना एकाच मेसेजमध्ये कोण कुठला ते नीट सांगितलं. मला त्यात एक रुपया नाही. त्या मिरजेच्या काकांनी आजवर दोन कस्टमर माझ्याकडे पाठवलेत. हे मी ठरवून केलं नव्हतं हं.

आणि बायकांसाठी वेगळं सांगावंसं वाटतं. मी कार्डावर लॅबचाच नंबर छापलाय, स्वतःचा नाही. पूर्वी प्रदर्शनात नंबर दिला की रात्री साडेअकराला ‘हाय’ यायचं. त्यामुळे मी सगळं मेलवर आणि लॅबच्या नंबरवर, आणि त्याने माझं काही काम अडलं नाही. ज्याला गेजचं काम असतं तो मेलला उत्तर देतो.

पुण्याचा_कोडर

माझं फील्ड वेगळं आहे, आयटी, पण टूलिंगवाल्यांची कार्डं फेकू नको म्हणालेत ना काका त्यावरून आठवलं. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहे, त्याने १९७३ साली बोस्टनजवळच्या लोकांना विचारून लिहिलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहात एकाची ती ओळख वरचेवर भेटणारी होती, बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. कारण साधं आहे, रोजच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. माझा २०२३ ला जॉब गेला तेव्हा जवळच्या मित्रांनी बिअर पाजली आणि नवीन जॉब सांगितला एका पोराने ज्याला मी हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकच्या बसमध्ये दोनदा भेटलो होतो. आणि तोही का, तर मी उतरल्यावर त्याला त्याचे राहिलेले ट्रेकिंग पोल कुरिअर केले होते 😅

रिटायर्ड_परचेस

हां, तेच सांगायचं राहिलं होतं. इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची टोकं) विकणारा सेल्स इंजिनिअर आठवड्याला वीस-पंचवीस शॉपमध्ये जातो. कोणाच्या मशीनला धूळ बसलीय, कोणाकडे लोड मावत नाही, कुठला मालक पार्टनरशी भांडतोय, सगळं त्याला माहीत. मला कपॅसिटी पाहिजे असायची तेव्हा मी आधी त्यालाच विचारायचो. तू त्याच्याकडून चार इन्सर्ट ट्रायलला घे आणि ट्रायलचा रिपोर्ट प्रामाणिकपणे दे, किती पीस निघाले, कुठं तुटला. बहुतेक जण तो देतच नाहीत आणि त्याला साहेबाला तोंड दाखवायला तोच लागतो. बघ तुझं नाव तो किती ठिकाणी घेतो.

शिरोलीचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, अपडेट देतो.

कार्डं पसरली. काकांचा अंदाज चुकला, चाळीस नाही, एकेचाळीस सेल्सवाले निघाले. बावीस राहिली. त्यातल्या तेरा जणांशी काय बोललो होतो ते डोकं खाजवूनही आठवंना, चेहराही नाही. त्यांना काहीच पाठवलं नाही, काय लिहिणार. उरले नऊ. नऊ जणांना वेगवेगळं लिहिलं, एकेकाला अर्धा तास लागला, एवढा वेळ मी बारावीच्या निबंधाला दिला नव्हता.

नवातल्या चौघांची उत्तरं आली. एक म्हणाले सध्या नाही, सहा महिन्यांनी विचारा, मी कॅलेंडरला टाकून ठेवलंय. होसूरचे एक साहेब आहेत, त्यांच्याशी मी पातळ भिंतीचा पार्ट चकमध्ये (मशीनच्या पकडीत) दाबला की ओव्हल होतो यावर बोललो होतो, त्यांना आमच्या सॉफ्ट जॉचा (चकच्या मऊ जबड्यांचा) फोटो आणि आमचा बोअर किती मायक्रॉनमध्ये येतो ते रीडिंग पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, ‘तो पोरगा तूच ना जो स्टॉलवर चकखाली वाकून बघत होता?’ त्यांनी दोन ड्रॉइंग पाठवलीत, रेट नाही मागितला, आधी पद्धत विचारलीय कशी करणार. पप्पा चष्मा लावून रात्री अकरापर्यंत ड्रॉइंग बघत बसले होते, आणि कागदावर संबंध होत नसतात हे वाक्य त्या दिवसापासून ऐकलं नाही.

पुढच्या गुरुवारी बोलावलंय, पाच पीसचं सॅम्पल घेऊन जायचंय. आता एक शेवटचं विचारतो, कोल्हापूरचा माणूस रिकाम्या हातानं कसा जाणार, एक किलोची गुळाची ढेप नेली तर चालेल का, का तेही गेटवर जमा होईल?

रिटायर्ड_परचेस

ढेप गाडीत ठेव. आधी सॅम्पल आणि पाचही पीसचा इन्स्पेक्शन रिपोर्ट टेबलावर ठेव, आणि एखादं डायमेन्शन आउट असेल तर त्यांनी मोजायच्या आत तूच सांग. चहा आला तर ढेप काढ.

खोचक_सांगलीकर

आणि हळदीची पुडी पण ने आमच्या सांगलीची, नाव घ्या म्हणजे झालं 😄