लॅपटॉप मिक्सरपाशी, कीबोर्ड स्टेजवर: मिडी ८० फूट कशी न्यायची?

ऑर्केस्ट्रा_सातारा
नमस्कार मंडळी, आमचा ऑर्केस्ट्रा आहे, दोन कीबोर्ड आणि एक ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), तिघांचे आवाज एकाच लॅपटॉपमधून काढतो. आत्तापर्यंत लॅपटॉप माझ्या शेजारीच असायचा त्यामुळे पाच पिनच्या मिडी केबलवर (आवाज नाही, कुठली नोट कधी वाजवली हा निरोप नेणारी) भागायचं. यंदा तो मिक्सरवर बसणाऱ्या पोराकडे ठेवलाय, पॅच (म्हणजे वाद्याचा निवडलेला आवाज) तोच बदलणार, आणि मिक्सर स्टेजपासून ८० फुटांवर. यूएसबीला एक्स्टेन्शन लावलं तर मधेच कनेक्शन जातं. मग वायफायवरून नेटवर्क मिडी केलं, घरी तालमीला झकास चाललं पण परवा मंडपात पब्लिक जमल्यावर ऑक्टापॅड लेट पडायला लागला, कधी दोन ठोके एकदमच यायचे, लग्गीची (जलद ठेक्याची) तर वाटच लागली. गणपतीच्या सुपाऱ्या तोंडावर आल्यात, काय करू? मिडी २.० (मिडीची नवी आवृत्ती) वालं काही घ्यावं लागेल का?

साउंडवाला_पिंपरी
दादा आधी ते वायफाय काढा. मंडपात हजार मोबाईल त्याच २.४ गिगाहर्ट्झवर असतात, तुमच्या पॅकेटला वाट कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. सगळे ठोके सारखेच ५ मिलिसेकंद लेट असले तर हाताला सवय होते, पण एक ३ ला आला आणि पुढचा ४० ला, तर तालात वाजवणार कसं? साधी मिडी केबल १५ मीटर म्हणजे ५० फुटांपर्यंतच धरायची, यूएसबी ५ मीटर. लॅनची कॅट-५ई मात्र १०० मीटर जाते, तीच टाका. नेटवर्क मिडी म्हणजे आरटीपी-मिडी, ते वायरवर पण तसंच चालतं. मॅकमध्ये ते आतच असतं, विंडोजला फुकट ड्रायव्हर मिळतो, फक्त फायरवॉलमध्ये यूडीपीचे ५००४ आणि ५००५ पोर्ट उघडा. कीबोर्डला लॅनचं भोक नसतं, त्यामुळे स्टेजवर लॅनवाला मिडी इंटरफेस नाहीतर जुना लॅपटॉप लागेल. अजून एक, आरटीपी-मिडीत मागच्या मेसेजचा हिशोब पुढच्या पॅकेटसोबत येतो, म्हणून नोट-ऑफ (नोट थांबवायचा निरोप) वाटेत हरवला तरी नोट वाजत राहत नाही.

जुना_सिंथवाला
मिडी २.० ची गरज नाही. त्यात व्हेलॉसिटी (किती जोरात वाजवलं ते) १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्यांची होते, पण तुमचा ऑक्टापॅड जुनीच मिडी पाठवतोय ना. १९८३ पासूनची मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवते, एक बाइट १० बिटांचा, एका नोटला तीन बाइट, म्हणजे साधारण १ मिलिसेकंद. एकट्या वाद्याला भरपूर झालं. पण दोन्ही कीबोर्ड आणि ऑक्टापॅड मर्ज करून एकाच वायरीत घातले असतील तर दहा बोटांचा कॉर्ड पडला की मागचा ठोका १० मिलिसेकंद थांबणार, वर आफ्टरटच (की दाबून धरल्यावरच्या दाबाचे निरोप) चालू असेल तर अजून गर्दी. ऑक्टापॅडला वेगळा पोर्ट द्या आणि आफ्टरटच बंद करा.

कीज_कोल्हापूर
वरचं सगळं बरोबर आहे पण मी म्हणतो नोटा ८० फूट न्यायच्याच कशाला? लॅपटॉप स्टेजवरच ठेवा, आवाज ऑडिओ इंटरफेसच्या बॅलन्स्ड आउटमधून (लांब वायरीतही खरखर न पकडणारं) स्नेकने (अनेक वायरी एकत्र असलेली जाड केबल) मिक्सरला द्या, त्याला ८० फूट म्हणजे काहीच नाही. मिक्सरवरच्या पोराने त्याच्याकडच्या टॅबवरून फक्त पॅच बदलायचा, तो मेसेज ४० मिलिसेकंद लेट आला तरी कोणाला कळणार नाही. ज्याला वेळेची घाई आहे ते जवळ ठेवायचं.

ऑर्केस्ट्रा_सातारा
हे डोक्यातच आलं नव्हतं! काल तसंच लावलं, ऑक्टापॅड वेगळ्या पोर्टवर घेतला, लग्गी एकदम चिकटून येतेय, ढोलकीवाला खूश. फक्त पोरगं पॅच बदलतं तेव्हा आधीच्या स्ट्रिंग्जची शेपूट कट होते, त्याला काय करायचं?

कीज_कोल्हापूर
तो प्रोग्राम चेंज (त्याच चॅनेलवरचा आवाज बदलायचा निरोप) पाठवत असणार. त्यापेक्षा गाण्याला लागणारे आवाज आधीच वेगवेगळ्या चॅनेलवर लोड करून ठेवा, मिडीचे १६ चॅनेल आहेत, आणि तुमच्या नोटा कुठल्या चॅनेलला जायच्या एवढंच त्याला बदलू दे. जुना आवाज आपला आपण विरेल.