'स्खौट'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीपवाली: न्यू अ‍ॅम्स्टरडॅमच्या, म्हणजे आजच्या न्यू यॉर्कच्या, कारभारावरचं एक प्रकरण मराठीत करतेय. फेब्रुवारी १६५३ मध्ये वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, या गावाला स्वतःचं नगरमंडळ दिलं: एक 'स्खौट', दोन 'बुर्गेमेस्टर' (नगरप्रमुख), पाच 'स्खेपेन' (निवाडा आणि कारभार बघणारे सभासद). गुन्हेगाराला पकडायचा स्खौट, त्याच्यावर फिर्याद चालवायचा स्खौट, शिक्षा अमलात आणायचा तोही स्खौटच. मी 'कोतवाल' लिहिलं. संपादकांनी खोडून 'नगरपाल' केलं, समासात नुसतं प्रश्नचिन्ह. कोण बरोबर?

शुद्धमती: नगरपालच. मुंबईच्या शेरीफला आपण नगरपाल म्हणतो, आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी न्यू यॉर्कात स्खौटच्या जागी शेरीफच बसवला. उगाच फारसी कोतवाल कशाला?

जुनं दप्तर: कोतवाल फारसी? अहो, मूळ कोट्टपाल, कोटाचा पाल. माहेरचाच शब्द आहे, फारसीत नांदून आला इतकंच. आणि मुंबईचे नगरपाल करायचे काय? समारंभांना हजर राहायचे. न्यू अ‍ॅम्स्टरडॅमचा पहिला स्खौट व्हान टीनहोवेन हा डच वेस्ट इंडिया कंपनीचा फिस्काल, म्हणजे कायदा अधिकारी; गव्हर्नर स्टायव्हसंटनं त्याच्याच गळ्यात हे दुसरं काम घातलं. फिती कापणारा माणूस नव्हे तो.

दवंडी: माझे आजोबा गावचे कोतवाल होते. तलाठ्याचं दप्तर काखेत, बांधाबांधानं निरोप पोचवायचा, पारावर उभं राहून दवंडी द्यायची. 'कोतवालानं फिर्याद चालवली' वाचलं की मला आजोबाच दिसतात, आणि हसू येतं. घाशीराम फक्त पुण्यात आठवतो हो.

तळटीपवाली: हे डोक्यातच आलं नव्हतं. मग फौजदार?

जुनं दप्तर: स्खौटचं मूळ 'स्खुल्ड', म्हणजे देणं. देणं फेडायला फर्मावणारा तो स्खौट. तिथल्या बऱ्याच हुकुमांत दंडाचा तिसरा हिस्सा अंमलदारालाच मिळायचा. मला तर आपला पाटीलच दिसतो.

शुद्धमती: पाटील वतनदार, स्खौट नेमलेला. उद्या चौगुलाही आणाल.

वेंगुर्लेकर: ते राहू द्या. हे 'वलंदेज' काय? आमच्या वेंगुर्ल्यात त्यांची वखार आहे, १६३७ मध्ये आले ते. लहानपणी आम्ही तिथे लपंडाव खेळायचो, भिंतींतून झाडं आलेली. आम्ही 'डच वखार'च म्हणतो. वलंदेज मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

जुनं दप्तर: रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे की, फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. पोर्तुगीज 'ओलांदेझ'वरून आला. गोड शब्द आहे, वापरा बिनधास्त.

वेंगुर्लेकर: आज्ञापत्र वाचून वखारीचा रस्ता विचारलात तर वेंगुर्ल्यात कोणी सांगणार नाही, एवढंच.

तळटीपवाली: भांडू नका, मला स्खेपेनसाठीही शब्द हवाय. दर सोमवारी सकाळी ९ वाजता हे लोक बसायचे, तेही जुन्या खानावळीत; तिलाच नगरगृह म्हणायचं ठरलं होतं. सकाळी उधारीचा, शिवीगाळीचा निवाडा, आणि त्याच बैठकीत रस्त्याचा प्रश्न. नगरसेवक निवाडा करत नाही, पंच रस्ता बघत नाही.

जुनं दप्तर: मुंबईत १७२६च्या सनदेनं मेयर्स कोर्ट आलं, त्यातही मेयर आणि ९ ऑल्डरमन निवाडाच करायचे. आपल्या लोकांनी शब्द शोधत न बसता 'मेयर कोर्ट' म्हटलं असेल. तुम्हीही स्खेपेनच ठेवा.

शुद्धमती: अशानं मराठी बुडाली. सावरकरांनी मेयरला महापौर दिला नसता तर आजही 'मेयरसाहेब' करत बसलो असतो.

दवंडी: पण इथे बुर्गेमेस्टर दोन. एका गावाला दोन महापौर म्हणजे आमच्याकडे दोन गणपती मंडळं.

तळटीपवाली: अजून एक. १६४८च्या हुकुमात आगीच्या भीतीनं लाकडी चिमण्या बांधायला मनाई आहे. घरच्यांना वाचून दाखवलं तर लेक विचारते, लाकडी चिमण्या कशाला बांधायचे, आणि कशाला?

शुद्धमती: धुराडं! स्वच्छ मराठी शब्द असताना चिमणी?

दवंडी: आमच्याकडे साखर कारखान्याचं ते धुराडं, घराचं नाही. घरात धूर कौलांतून जायचा.

जुनं दप्तर: धुराडं चालेल. त्या हुकुमात धुराड्यात काजळी सापडली की ३ गिल्डर दंड आहे.

तळटीपवाली: बरं, धुराडं घेते. आणि स्खौट?

वेंगुर्लेकर: एक सांगा, रॉकेलच्या दिव्याला तुमच्याकडे चिमणी म्हणतात की चिमणी फक्त वरच्या काचेला?